डेडस्टॉकमधलं अंडं

"विज्ञान शिकवायला लागतं काय हो? एक तोंड लागतं आणि एक खडू लागतो. तोंड चांगलं असेल तर खडूचंही तसं काही अडत नाही."

हे वाक्य मास्तरांनी शिक्षकांच्या बैठकीत, चहाचा कप हातात धरून, असं काही सोडलं की तिसरीच्या बाईंनी विणकाम थांबवून मान डोलावली. चौथीचे सर तर "क्या बात है" असंही म्हणाले. कुणी काही चांगलं बोललं की त्यांना तसं म्हणायची सवयच होती.

मास्तर पाचवीला शिकवत. त्यांच्या हाताखालचं एकही मूल आजवर विज्ञानात नापास झालेलं नव्हतं. एकाही मुलानं विज्ञान पाहिलेलंही नव्हतं, पण ते कुणी विचारत नाही. पद्धत साधी होती. एकानं धडा मोठ्यानं वाचायचा, बाकीच्यांनी ओळीवर बोट ठेवायचं. मग मास्तर फळ्यावर प्रश्न लिहीत, त्याखाली उत्तर लिहीत, मुलं ते उतरवून घेत आणि परीक्षेत परत देत. घेतलेलं जसंच्या तसं परत देणं हा केवढा मोठा संस्कार आहे! धड्याच्या शेवटी चौकटीत 'करून पाहा' असं छापलेलं असे. ती चौकटही मुलं छान खणखणीत आवाजात वाचत आणि पुढच्या धड्याला लागत. मास्तरांचं म्हणणं असं, की प्रयोग म्हणजे मुळात अविश्वास. पाणी उकळलं की वाफ होते असं एकदा पुस्तकात छापून आलंय ना? मग ते पुन्हा उकळून बघणं म्हणजे लिहिणाऱ्याच्या तोंडावर त्याला खोटं म्हणण्यासारखं आहे.

बाकीच्या शिक्षकांचंही विज्ञानाशी सलोख्याचं नातं होतं, म्हणजे दोघंही एकमेकांच्या वाटेला जात नसत. तिसरीच्या बाई विजेचा धडा लांब उभं राहून शिकवत. चौथीच्या सरांना 'आपलं शरीर' हा धडा आला की ताप यायचा.

तर मास्तरांचं वाक्य संपलं, चहाही संपला, आणि मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, गोड हसल्या. मोठ्या बाई गोड हसल्या की शाळेत कुणाचं तरी वाईट होतं, हा मात्र अनेकदा पडताळून पाहिलेला सिद्धांत होता.

"बरं झालं तुम्हीच बोललात मास्तर," त्या म्हणाल्या. "वरून साहेब येतायत. प्रत्येक शाळेत विज्ञानाचा एक तास बघणार. नुसता धडा नाही, प्रयोगासकट. ज्या शाळेतले शिक्षक विज्ञानाला घाबरतात असं दिसेल, त्या शाळेला सुट्टीत प्रशिक्षण. अख्खी सुट्टी, रोज हजेरी. मी तुमचं नाव कळवते."

तिसरीच्या बाईंनी विणकाम पुन्हा सुरू केलं. चौथीचे सर खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, एक भिंत होती.

मास्तरांचा हात पाकिटाकडे गेला, कारण त्यात सुट्टीतली गाडीची दोन तिकिटं होती. त्यांची एकुलती एक मुलगी रात्रभराच्या प्रवासाइतकी लांब राहायची. तिला पहिलं बाळ होणार होतं आणि डॉक्टरांनी तिला प्रवासाला साफ मनाई केली होती. म्हणून आईवडिलांनीच जायचं ठरलं होतं. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा आणि रोज ती एकच विचारायची, "बाबा, तुम्ही नक्की येणार ना? आई एकटी आली तर मलाच आईला धीर द्यावा लागेल." लहानपणी इंजेक्शन घ्यायची वेळ आली की ही पोर आईकडे जायची नाही, बाबांचं बोट धरायची. कारण सुई टोचताना आई बघत बसायची आणि बाबा तिच्यासारखेच डोळे गच्च मिटून घ्यायचे.

आता ती सुट्टी एका प्रयोगावर टांगलेली होती.

मास्तरांनी पुस्तकातल्या सगळ्या चौकटी काढून वाचल्या. मेणबत्तीत आग होती. लोहचुंबकाला काहीच चिकटत नव्हतं, शाळेचं लोहचुंबक फार पूर्वीच सेवानिवृत्त झालं होतं. राहता राहिलं अंडं. साध्या पाण्यात टाकलेलं अंडं बुडतं, भरपूर मीठ घातलेल्या पाण्यात तेच अंडं तरंगतं. आग नाही, वीज नाही, कुणाला चावणारं काही नाही. "हे आपल्याला जमेल," मास्तर म्हणाले आणि घरी येऊन त्यांनी तांब्यात अंडं सोडून वर चिमूटभर मीठ भुरभुरवलं.

अंडं ढिम्म.

"अहो, चिमटीनं काय होतंय?" बायको म्हणाली. "पुस्तकात भरपूर म्हटलंय ना? का पुस्तकातलं फक्त मुलांनी ऐकायचं?"

शेजारचे काका तेवढ्यात आलेच. त्यांना सगळे सल्लागार काका म्हणत. ते आयुष्यभर औषधाच्या दुकानात बाटल्या पुसायचे, पण बोलायचे असे की आतली औषधं त्यांनीच तयार केलेली. "मास्तर, मीठ महत्त्वाचं नाही. ढवळणं महत्त्वाचं. एकाच दिशेनं ढवळा. मध्येच दिशा बदललीत की पाणी गोंधळतं."

मास्तर हात भरून येईस्तोवर एकाच दिशेनं ढवळत राहिले. शेवटी बायकोनं डबाभर मीठ ओतलं आणि अंडं टुणकन वर आलं. "बघा, ढवळण्याचा परिणाम," काका म्हणाले. त्या दिवशी घरातला स्वयंपाक अळणी झाला. पण मास्तरांच्या चेहऱ्यावर चव होती.

आता शाळेसाठी अंडं हवं. मास्तर स्वतः एक घेऊन गेले असते तर गोष्ट इथेच संपली असती. पण सरकारी तासाला खाजगी अंडं कसं चालेल, असा त्यांना प्रश्न पडला. नियमाबाहेर खडूही न उचलणारा माणूस. ते भाऊसाहेबांकडे, म्हणजे शाळेच्या कारकुनाकडे गेले.

"अंडं?" भाऊसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "खायला की शिकवायला?"

"शिकवायला."

"मग ते साहित्य झालं. साहित्य दोन प्रकारचं. संपणारं आणि न संपणारं. खडू संपतो, खुर्ची संपत नाही. प्रयोगात अंडं संपणार का?"

मास्तरांनी प्रामाणिकपणे विचार केला. "नाही. बुडेल, मग तरंगेल. संपणार नाही."

"झालं तर. डेडस्टॉक."

डेडस्टॉक म्हणजे शाळेतल्या टिकाऊ वस्तू. बाकं, घंटा, कपाटं, पृथ्वीचा गोल. एकदा वस्तू डेडस्टॉकला चढली की ती मोडो, गंजो, तिला वाळवी लागो, समिती येऊन 'बाद' म्हणेपर्यंत ती शाळेत असायलाच हवी. आणि प्रत्येक वस्तूवर तांबड्या ऑइलपेंटनं नंबर हवा. अंड्यावर नंबर घालायला तीन माणसं लागली. एक धरायला, एक रंगवायला आणि एक "हळू, हळू" म्हणायला. नंबर वाळेपर्यंत अंडं मोठ्या बाईंच्या टेबलावर पेपरवेटशेजारी बसून होतं. मग ते भाऊसाहेबांच्या लोखंडी कपाटात गेलं. वर पत्रा आणि दुपारभर खिडकीतून ऊन, त्यामुळे त्या कपाटावर हात ठेवला तर चटका बसायचा.

"फुटलं तर?" मास्तरांनी घाबरत विचारलं.

"चौकशी."

"नाही, म्हणजे तसंच वाटलं तर बदलून दुसरं..."

"घंटा जुनी झाली म्हणून परस्पर दुसरी आणाल का तुम्ही?"

सल्लागार काकांना हे कळलं तेव्हा त्यांनी लगेच तोड काढली. "उकडून घ्या की हो! पडलं तरी सांडणार नाही." मास्तरांना पटलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांना विचारलं.

"उकडलं की वस्तूचं स्वरूप बदललं," भाऊसाहेब म्हणाले. "बाक मोडून कपाट करण्यासारखं आहे हे. वरून परवानगी आणा."

तालीम सुरू झाली. मोठ्या बाईंच्या टेबलावरची काचेची बरणी रोज मागून आणायची. त्यातली कागदी फुलं विस्कटायची नाहीत अशी बाईंची अट असल्यानं एक मुलगा ती छातीशी धरून तासभर उभा राहायचा. अशा रीतीनं वर्गातल्या एका मुलानं हा प्रयोग पूर्णपणे फुलांमागून पाहिला.

मास्तरांनी सगळं बसवलं होतं. अंडं साध्या पाण्यात सोडलं की मास्तर एक बोट वर करणार, वर्ग म्हणणार, "बुडालं, सर!" मीठ घालून ढवळलं की दोन बोटं, "तरंगलं, सर!" तीन बोटं, "मिठाच्या पाण्याची घनता जास्त असते म्हणून, सर!" चार बोटं आली की सगळ्यांनी कुतूहलानं एकमेकांकडे बघायचं.

साहेब यायचे त्या दिवशी आले नाहीत. पुढची तारीख आली, त्या दिवशी त्यांची बैठक निघाली. त्याच्या पुढच्या तारखेला त्यांची गाडी बंद पडली. उन्हाळा चढत गेला. रोज तालीम, रोज अंडं कपाटातून बाहेर, पाण्यात, मिठात, पुसून परत कपाटात. घरी बायकोनं पिशव्या काढल्या, जुनी मऊ लुगडी धुऊन बाळासाठी त्यांचे चौकोन कापले. मुलीचा रोज फोन. "बाबा, साहेब आले का?" विचारताना तिला धाप लागायला लागली होती.

दरम्यान अंड्यात फरक पडत होता. सुरुवातीला ते बरणीच्या तळाशी आडवं पडून राहायचं, अगदी शेवटच्या बाकावरच्या पोरासारखं. मग त्याचं एक टोक जरा उचललं गेलं. मग एके दिवशी ते तळाशी चक्क उभं राहिलं.

पहिल्या बाकावर एक बारकी मुलगी बसायची. तिला सगळे चिमणी म्हणत. तिनं हात वर केला.

"सर, ते आधी झोपायचं. आता उभं का राहतं?"

मास्तरांकडे तीन बोटांची उत्तरं होती, यावर बोटच नव्हतं. "सरावानं," ते म्हणाले. "शिस्त लागली त्याला. बघा, एक अंडं सुधारतं, आणि तुम्ही?"

"पण सर, मग ते उद्या..."

"उत्तरात नाही ते विचारायचं नाही. बस खाली."

चिमणी बसली. मास्तरांना मनापासून वाटत होतं की तालमीनं अंडं तयार होतंय. आता अंडं जुनं व्हायला लागलं की आतली हवा वाढते, ते आधी उभं राहतं आणि पुरतं शिळं झालं की साध्या पाण्यातही तरंगतं, हे विज्ञानच आहे. पण ते पाचवीच्या पुस्तकात नव्हतं.

आणि साहेब आले. सुट्टी लागायला एक आठवडा उरलेला असताना, न कळवता आले. मागच्या बाकावर गुडघे छातीला लावून बसले. मोठ्या बाई दारात उभ्या. भाऊसाहेब खिडकीत, कारण त्यांची वस्तू बाहेर निघाली होती. फुलांचा मुलगा कोपऱ्यात.

मास्तरांनी घसा साफ केला, बरणीत पाणी ओतलं आणि अंडं अलगद सोडलं. चूक एवढीच झाली की सोडताना त्यांनी अंड्याकडे न बघता साहेबांकडे बघितलं. बोट सवयीनं वर गेलं.

"बुडालं, सर!" वर्ग दणाणला.

मास्तरांनी खाली बघितलं. अंडं वर होतं. पाण्यातून डोकं काढून, तांबडा नंबर दाखवत, बदकासारखं हलत होतं.

मास्तरांचे कान तापले. त्यांनी वर्गाकडे बघितलं. सगळी मुलं थेट अंड्याकडे बघत होती. कुणी हसत नव्हतं, कुणी कुणाला कोपरखळी मारत नव्हतं. एकाच्याही चेहऱ्यावर आपण खोटं बोललो असं नव्हतं. मास्तरांच्या अंगावर त्या उकाड्यात काटा आला.

साहेब उठून पुढे आले. वाकून बरणीत बघितलं. मग मुलांना म्हणाले, "नीट बघून सांगा. अंडं कुठे आहे?"

"तळाशी, साहेब!"

साहेबांनी चिमणीकडे बोट केलं. "तू सांग, बाळ."

चिमणी उभी राहिली. तिनं अंड्याकडे बघितलं. मग मास्तरांकडे बघितलं. तेवढ्या वेळात मास्तरांच्या मनात पाकिटातली तिकिटं आली, मुलीचा धाप लागलेला आवाज आला, आणि तरी त्यांना वाटलं, की पोरी, बोल. तुला दिसतंय ते बोल. आपण काय ते बघून घेऊ.

"बुडालं, साहेब," चिमणी म्हणाली. "तळाशी आहे." आणि शिकवल्याप्रमाणे हाताची घडी घालून बसली.

मास्तरांना राहवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा ते विज्ञानाच्या बाजूनं बोलले. "साहेब, पण... अंडं वर आहे."

साहेबांनी हातातलं मार्गदर्शक पुस्तक उघडलं, त्यातल्या ओळीवर बोट ठेवलं. "साध्या पाण्यात अंडे बुडते. मुलं काय म्हणाली?"

"बुडालं म्हणाली. पण साहेब..."

"मास्तर, मी अंड्याची परीक्षा घ्यायला आलो नाही. मुलांची घ्यायला आलोय. मुलं बरोबर आहेत. अंडं चुकलंय."

पुढचं सगळं सुरळीत झालं. मास्तरांनी डबाभर मीठ घातलं, एकाच दिशेनं ढवळलं, दोन बोटं वर केली आणि वर्ग म्हणाला, "तरंगलं, सर!" यावेळी अंडंही सहमत होतं.

मोठ्या बाईंच्या खोलीत चहा घेताना साहेब भारावून गेले होते. "डोळ्यांदेखत भलतंच दिसत असताना पोरं पुस्तकाला धरून राहिली. याला म्हणतात पाया! नाहीतर बाकीच्या शाळांत मुलं वाट्टेल ते बघतात आणि वाट्टेल ते सांगतात."

मास्तरांनी पाकिटाला हात लावून बघितला. तिकिटं जागेवर होती. "म्हणजे साहेब, आमच्या शाळेला सुट्टीत प्रशिक्षण नाही?"

"छे! तुम्हाला कसलं प्रशिक्षण? प्रशिक्षण घाबरणाऱ्यांना. फक्त त्यांना शिकवणार कोण, हा प्रश्न होता." साहेबांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. "तो आज सुटला. अख्खी सुट्टी तुम्ही आमच्याकडे. आणि हेच अंडं आणा. अनुभवी आहे."

भाऊसाहेब दारातूनच म्हणाले, "वस्तू शाळेबाहेर जाणार म्हणजे मास्तरांच्या जबाबदारीवर."

मोठ्या बाई गोड हसल्या.

घरी बायको मऊ चौकोनांच्या घड्या घालत बसली होती. मास्तरांचा चेहरा बघून तिच्या हातातली घडी तशीच राहिली. "नापास झालात?"

"नाही गं. पास झालो."

"मग?"

"फार पास झालो."

सल्लागार काकांनी साहेबांना आजारी असल्याचं कळवायचा सल्ला दिला. नाहीतर अंड्यालाच आजारी पाडा, असंही म्हणाले. मास्तरांनी दोन्ही सल्ले ऐकून घेतले. मुलीला फोन त्यांनीच केला. तिला सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, "बरं बाबा. फोन खिशात ठेवा. आई लगेच कळवेल. तुम्ही नुसतं तिथे डोळे मिटून घ्या, मला कळेल." बायको एका तिकिटावर गेली. खिडकीतून बराच वेळ सूचना देत राहिली, गॅस कसा बंद करायचा, दूध कुठे ठेवायचं. गाडी हलली तरी दुधाचं चालूच होतं.

प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये पंख्यांच्या वाऱ्यापेक्षा त्यांचा आवाजच जास्त होता. ठिकठिकाणचे घाबरणारे शिक्षक वह्या उघडून बसले होते. मास्तरांना ते सगळे तिसरीच्या बाई आणि चौथीच्या सरांसारखेच वाटले. मागच्यांनाही दिसावं म्हणून साहेबांनी माशांची काचेची मोठी टाकी मागवली होती. मास्तरांनी फळ्यावर लिहिलं, 'मिठाच्या पाण्यात वस्तू तरंगते.' सगळ्यांनी ते उतरवून घेतलं.

"सर, हे परीक्षेला येणार का?" एका बाईंनी विचारलं.

"येणार," मास्तर म्हणाले. त्यांचं लक्ष शर्टाच्या खिशाकडे होतं. बायकोचा सकाळी फोन आला होता, मुलीला दवाखान्यात नेलंय. तेव्हापासून त्यांनी खिशावरचा हात काढला नव्हता. आता अंडं धरायला दोन्ही हात लागणार होते. अंड्याला वास यायला लागला होता आणि जबाबदारी त्यांची होती.

टाकीत मीठ घालून झालं, ढवळून झालं. मास्तरांनी दोन्ही हातांत अंडं धरलं आणि पाण्यावर वाकले. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला, पुढे सरकला आणि टाकीत पडला. पडद्यावर बायकोचं नाव दिसत होतं. वाजत वाजत तो खाली गेला, तळाशी आडवा झाला, थोडा वेळ उजेड दिला आणि विझला.

हॉलमध्ये सगळ्यांनी मान खाली घालून वहीत लिहिलं, 'तरंगला.'